जमिनीचा व्यवहार आणि घरातली माणसे

आमच्या धंद्याला गावात फारसे चांगले नाव नाही. समोर असलो तर लोक ‘एजंट’ म्हणतात, पाठ वळली की ‘दलाल’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पण दुसरा उच्चारताना तोंड थोडे वाकडे होते. मला त्याचा राग येत नाही. ज्या माणसाचे पाय घराला लागले की थोड्या दिवसांनी त्या घरची जमीन जाते, त्याच्याकडे लोकांनी संशयाने पाहिले तर त्यांचे काय चुकले?

गेली 28 वर्षे मी पुणे-नाशिक रस्त्याच्या पट्ट्यात जमिनीच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थाचे काम करतो. मूळचा शेतकरीच. घरची तीन एकर जिराईत आहे, ती धाकटा भाऊ आणि मी मिळून कसतो. चाकणकडे कारखाने वाढले, रस्त्याला रहदारी वाढली, आणि ज्या माळावर धड हुलगाही निघत नव्हता त्या माळाला गुंठ्यावर भाव आला. पुण्याहून माणसे येत आणि चहाच्या टपरीवर विचारत, “इथे कुणी जमीन दाखवील का?” मला शिवारातला प्रत्येक बांध ठाऊक होता, थोडे लिहिता-वाचता येत होते. असा मी या कामात आलो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, दोन माणसांची गाठ घालून द्यायची आणि शेकडा एक-दोन रुपये घेऊन घरी जायचे. तसे असते तर गावातले निम्मे लोक हाच धंदा करते! एक व्यवहार पार पडायला कधी चार महिने लागतात, कधी दोन वर्षे. कित्येक गिऱ्हाइकांना मोटारसायकलवर मागे बसवून शिवारे दाखवायची, पेट्रोल आपले, चहा आपला. त्यांतला एखादा थांबतो. थांबलेला पुन्हा ऐन वेळी मोडतो. एखाद्या वर्षी दोन-तीन व्यवहार होतात, एखादे वर्ष कोरडे जाते. 2020 च्या टाळेबंदीत दस्तनोंदणी थांबली तेव्हा घर चालले ते त्या तीन एकरांवरच. म्हणून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांना मी सांगतो, बाबांनो, हातातले दुसरे काम सोडून यात उडी घेऊ नका.

या कामाचा खरा भार कागदात असतो. जमीन दाखवण्याआधी मी सातबारा आणि आठ-अ पाहतो. सातबाऱ्यावर नुसते मालकाचे नाव पाहून भागत नाही. भोगवटादार वर्ग 1 लिहिले असेल तर विकायला सहसा अडचण येत नाही. वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगी लागते. कुळकायद्याने मिळालेली, सरकारने दिलेली, पुनर्वसनात मिळालेली अशी जमीन बहुधा या वर्गात असते. आदिवासी बांधवाची जमीन असेल तर बिगर-आदिवासी माणसाला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. मग ‘इतर हक्क’ हा रकाना वाचायचा. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाची नोंद, कोर्टाचा दावा, सारे तिथे डोकावते. त्यानंतर जुने फेरफार काढायचे. एखादे नाव कंसात गेले असेल तर ते का गेले आणि कोणत्या फेरफाराने गेले, हे कळल्याशिवाय पुढे जायचे नाही. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. मालकीचा शेवटचा पुरावा तोच एकटा नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मापाचाही घोळ असतो. कागदावर हेक्टर आणि आर, आपल्या तोंडात एकर आणि गुंठे. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 1 गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. दोन्ही जवळजवळ सारखेच. 40 गुंठ्यांचा एकर, आणि 1 हेक्टर म्हणजे सुमारे 2 एकर 19 गुंठे. पण कागदावरचे क्षेत्र आणि बांधाच्या आतले क्षेत्र सारखेच असेल असे नाही. वर्षानुवर्षे शेजाऱ्याचा नांगर बांधाला घासत आलेला असतो. म्हणून भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून घ्यावी आणि जमीन एकदा तरी पावसाळ्यात पाहावी. उन्हाळ्यात सगळीच जमीन सपाट आणि कोरडी दिसते. पाणी कुठे तुंबते, ओढा कुठून वाहतो आणि बैलगाडीची वाट कुणाच्या रानातून जाते, हे आषाढात कळते.

घेणाराही तपासावा लागतो. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी हवी. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा, पण त्याचे नियम अलीकडच्या वर्षांत बदलत आले आहेत; म्हणून पाच-दहा गुंठ्यांचा व्यवहार असेल तर आधी तहसील कचेरीत विचारावे, मग इसाराचे बोलावे. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जमीन घेतली म्हणजे मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट सांगितले आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावेच लागते. आणि पैसे बँकेतून घ्यावेत. जमिनीच्या व्यवहारात 20 हजार रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून प्राप्तिकराच्या कायद्याची मनाई आहे. पिशवीतले पैसे मोजायला बरे वाटतात, पण पुढे भांडण झाले तर ती पिशवी साक्षीला येत नाही.

हे सगळे शिकता येते. दहा फेरफार वाचले की अकरावा आपोआप कळतो. जे शिकायला मला जास्त काळ लागला ते कागदावर नसते.

सुरुवातीच्या काळात मी रात्री जेवायला बसलो की बायको विचारायची, “आज कुणाची विकली?” त्या विचारण्यात थट्टा असे. पण त्याच्या मागोमाग ती दुसरा प्रश्न विचारी, “त्या घरातल्या बाईला ठाऊक आहे का?” मी म्हणे, ठाऊक असेल, नवऱ्याने सांगितले असेल. ती म्हणे, “असेल नव्हे. आहे का?” हळूहळू मला तिच्या प्रश्नाची सवय लागली, आणि पुढे तो माझा धंद्यातला पहिला नियमच झाला. ओसरीवर चार पुरुष बसून भाव ठरवतात. पण त्या जमिनीत भांगलण केलेली, मोटेपासून पंपापर्यंतचा सगळा काळ पाहिलेली, दुपारची भाकरी डोक्यावरून नेलेली बाई आत चुलीपाशी असते. तिला कळते ते चहाचे कप जास्त लागले म्हणून.

एक व्यवहार सांगतो. नावे-गावे सांगत नाही, कारण ती माणसे अजून आमच्याच बाजाराला येतात.

2018 सालची गोष्ट. रस्त्यापासून थोड्या अंतरावर 4 एकर 10 गुंठ्यांचा एकच गट. विहीर बांधीव, पाणी उन्हाळ्यातही टिकणारे. घरधनी 2011 साली वारले होते आणि वारसनोंदीने सातबाऱ्यावर चार नावे लागली होती: म्हातारी आई, दोन मुलगे आणि सासरी गेलेली मुलगी. धाकट्याने कोंबड्यांची शेड घातली होती, ती बुडाली. बँकेचे देणे होते, त्याहून जास्त खासगी देणे होते. गिऱ्हाईक चांगले होते, पैसे तयार होते, त्याला गोडाऊन बांधायचे होते आणि घाई होती. थोरला भाऊ राजी नव्हता, पण धाकट्याकडे पाहून गप्प होता.

मी विचारले, “आक्कांचं काय?”

धाकटा म्हणाला, “आक्काचं काय तात्या, भाऊबीजेला येईल तेव्हा हक्कसोडावर सही घेऊ. ती कुठं नाही म्हणणाराय?”

आता याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मुलींचा हक्क हा कुणाच्या मेहरबानीचा विषय राहिलेला नाही. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क देणारा कायदा 1994 साली केला. त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. 2005 साली केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्माने हिस्सेदार ठरली, लग्न झालेले असो वा नसो. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या ऑगस्टमध्ये सांगितले. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिने समजून-उमजून सोडावा, आणि ते हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. भाऊबीजेच्या ताटाशेजारी ठेवलेल्या कोऱ्या कागदावरची सही म्हणजे हक्कसोड नव्हे.

मी म्हणालो, “आपण त्यांच्याकडे जाऊ. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.” धाकट्याला ते आवडले नाही, पण आला.

बहिणीचे सासर दोन तालुके पलीकडे होते. तिने पाणी दिले, चहा दिला, भावांच्या मुलांची चौकशी केली. विषय निघाल्यावर तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि आई कुठं राहणार?”

“आमच्यापाशीच की. आणखी कुठं?”

“ते मला ठाऊक आहे रे. पण तिच्या नावावर काय ठेवताय?”

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा ती म्हणाली, “माझ्या हिश्शाचे पैसे मी घेणार आहे, त्यात लाजायचं काय कारण? मलाही पोरी आहेत. पण विहिरीकडचा तुकडा विकायचा नाही. आई आहे तोवर तो आईच्या नावावर राहू द्या. नाहीतर मी सही करणार नाही. माहेर तुटलं तर ते माझ्या सहीनं तुटणार नाही दादा, मला न विचारल्यानं तुटेल.”

परतीच्या वाटेवर मोटारीत कुणी बोलले नाही. घरी आल्यावर थोरल्याने आईला पहिल्यांदा समोर बसवून सगळे सांगितले. इतके दिवस तिला कुणी सांगितलेच नव्हते. म्हातारी बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मला पैसं नकोत. माझी शेळी कुठं बांधू तेवढं सांगा.”

त्या एका वाक्याने थोरल्याला आवाज सापडला. त्याने सांगितले, विकायचे तर 3 एकर. विहिरीसकट 1 एकर 10 गुंठे राहतील. ऐकायला सोपे वाटते. पण गिऱ्हाइकाला सगळा गट हवा होता, पाणी हवे होते. तो रागावून निघून गेला. मी चार वेळा पुण्याला गेलो. शेवटी तो 3 एकरांवर आला, पण विहीर नाही म्हणून दर पाडून मागितला. मग मोजणी, हद्दी, नकाशा आणि राहिलेल्या जमिनीच्या वाटपाचा तहसीलदारांकडे अर्ज, यांत पाच महिने गेले. माझी दलाली कमी झाली हे सांगण्यासारखे नाही. पण धाकट्याच्या डोक्यावर पाच महिन्यांचे व्याज वाढले, हे सांगितलेच पाहिजे. त्याला वाटले, मी हे सारे मुद्दाम लांबवले. तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बाजारात समोर आला तर वाट बदलतो. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केले असते. मनाला ते लागते, आणि धंद्यात लागलेले असे कुणाला सांगताही येत नाही.

म्हातारी त्यानंतर पाच वर्षे जगली. तिच्या एकरात थोरला ज्वारी, कांदा करी आणि ती विहिरीकडेच्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर लावून आठवडे बाजारात जुड्या विकायला बसे. औषधापुरते, नातवंडांच्या खाऊपुरते पैसे तिच्या कनवटीला असत. लेक दिवाळीला येत राहिली. शेजारच्या 3 एकरांवर आज पत्र्याचे मोठे गोडाऊन उभे आहे.

खरेदीखताच्या दिवसाविषयीही लिहायला हवे. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत सगळे काम आता संगणकावर होते. फोटो निघतो, अंगठा यंत्रावर टेकवायचा, दहा-पंधरा मिनिटांत माणूस मोकळा होतो. तीन पिढ्यांची जमीन इतक्या लवकर जाते यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बाहेर आल्यावर घेणारा पेढ्यांचा पुडा उघडतो. विकणाऱ्याने पेढा हातात घेतला तरी तो तोंडात टाकत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. एका आजोबांनी सही झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारले होते, “या सुगीची बाजरी तरी आमची ना?” सुदैवाने तसे कागदात लिहून घेतले होते. उभे पीक, झाडे, पाइपलाइन, विजेचे मीटर, ताबा कोणत्या तारखेला द्यायचा, हे सगळे दस्तात स्पष्ट लिहून घ्यावे. ते लिहिलेले नसेल तर कापणीच्या वेळी हमखास भांडण होते.

आणि पैशाचे पुढे काय होते? मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या. काहींनी आलेल्या पैशांतून आतल्या भागात जास्त जमीन घेतली, मुलांची शिक्षणे केली, काही रक्कम ठेवीत टाकली. काहींच्या दारात आधी गाडी आली, मग दुमजली घर झाले, मग पाचशे पानांचे लग्न झाले, आणि चार-पाच वर्षांत ज्याने जमीन विकली तोच माणूस त्याच जमिनीवरच्या कारखान्यात पहाऱ्याला लागला. जमीन दरवर्षी थोडे देते. पैसा एकदम येतो आणि वाटा शोधून जातो. पैसा आल्यावर शहाणपण येईल असे कुणी समजू नये. पैसा येण्याआधीच तो कुठे जाणार हे वहीत लिहून ठेवावे.

विकणे हाच एक मार्ग असतो असेही नाही. पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन तुकड्यातुकड्याने न विकता एकत्र केली आणि श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने तिथे स्वतःच नगर उभे केले. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत भाग. तिथे शहर दारात येऊन उभे होते आणि बहुतेक भाऊबंदच होते, म्हणून ते जमले. सगळ्या गावांना जमेल असे मी म्हणणार नाही. पण ती कुटुंबे आधी एकत्र बसली आणि मग बाहेरच्याशी बोलली, एवढे तर कोणत्याही घराला करता येईल. दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हाही एक विचार आहे. जमीन नावावर राहते आणि वर्षाला काही हाती येते. मात्र तोही नोंदवून, वकिलाकडून वाचून घेऊन करावा.

आमच्यासारख्यांविषयीही सांगतो. प्लॉट, फ्लॅट अशा नोंदणी झालेल्या प्रकल्पांत विक्री करून देणाऱ्या एजंटाला 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण 2017 च्या मे महिन्यापासून काम करते. तुम्ही प्लॉट घेत असाल तर प्रकल्पाचा आणि एजंटाचा, दोघांचाही नोंदणी क्रमांक विचारा. साध्या शेतजमिनीच्या व्यवहारात मात्र तसला क्रमांक नसतो. तिथे माणूसच तपासावा लागतो. जो म्हणतो ‘आजच इसार घ्या, उद्या भाव पडेल’, त्याला चहा पाजून वाटेला लावा. जो दोन्ही बाजूंकडून किती दलाली घेणार हे आधी सांगत नाही, त्याला जमीन दाखवायला नेऊ नका. आणि जो तुमच्या आईला, बायकोला, बहिणीला न भेटता व्यवहार उरकू पाहतो, त्याला घराची पायरी चढू देऊ नका.

वाचकहो, जमीन विकणे हे पाप नाही. देणे असते, आजारपण असते, मुलांच्या शिक्षणाची फी असते. कुणी हौसेने विकत नाही. पण एजंटाला फोन करण्याआधी एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. सासरी गेलेल्या लेकीला बोलावणे धाडा. का विकायची, किती विकायची, म्हाताऱ्या माणसांच्या नावावर काय राहणार, पैसा कुठे जाणार, हे चार प्रश्न सगळ्यांसमोर मांडा आणि आतल्या माणसांना आधी बोलू द्या. त्यानंतरही विकायचीच ठरली तर विका. मग माझ्यासारखा माणूस तुमच्या ओसरीवर आला, तर त्याला फक्त कागदाचे काम उरेल, आणि ते त्याने नीट करावे एवढेच तुम्ही पाहा.